थोरल्याचं ‘हो’

ज्या काळातल्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच ऐकावी.

नदीकाठच्या एका गुऱ्हाळात दोन भाऊ कामाला होते. थोरला अंगाने दांडगा, पण त्याला गोष्टी उशिरा समजत. काही तर समजतच नसत. तो चुलवाणाच्या जाळात उसाची चिपाडं घाली. उकळत्या रसाची काहील, ती भली मोठी कढई, उचलायची वेळ झाली, की सगळ्यांच्या आधी डावीकडच्या भिंतीशी जाऊन उभा राही. काहिलीच्या वाटेत यायला नको म्हणून पहिल्या दिवशी धाकट्यानेच त्याला हाताला धरून तिथे उभं केलं होतं.

एकदा नवं काम सांगितल्यावर थोरला म्हणाला, "नाही कळलं." सगळे खो खो हसले. "हो" म्हटलं की मात्र पाठीवर थाप मिळे. मग तो नेहमी "हो"च म्हणू लागला.

एके वर्षी मालकाने गुऱ्हाळाची मांडणी बदलली. गूळ ओतायचा वाफा उजवीकडून डावीकडे आला. उसाचा चरक ओढणाऱ्या बैलाची वाटही फिरली. गूळ शिजवणारा गुळव्या थोरल्याला म्हणाला, "आता काहील इकडून जाणार. तू पलीकडं उभं राहायचं. कळलं का रे, पैलवान?"

"हो!" थोरला हसला. पाठीवर थाप पडली.

काहील उठली. थोरला त्याच भिंतीशी उभा होता. काहील घेऊन येणारी माणसं त्याच्यावर आदळली, रस त्याच्या अंगावर सांडला. त्या भाजण्यातून तो वाचला नाही.

धाकट्याने गुळव्याची मानगूट धरली. "माझ्या दादाला तू मारलंस!"

"अरे, मी विचारलं होतं की! तो हो म्हणाला. तूही ऐकलंस."

ऐकलं होतं. धाकट्याचा हात सुटला. मालकही म्हणाला, "तो हो म्हणाला ना?" मग काय दादाचीच चूक? पण दादा तर आपल्या जागेवर उभा होता. राग कुणावर काढावा, धाकट्याला कळेना. रडायचंही सुचेना. तो बैलाशेजारी जाऊन बसला.

बैल म्हणाला, "माझी वाट बदलली, तेव्हा मला कुणी विचारलं नाही, कळलं का म्हणून."

"मग तुला कळलं कसं?"

"गडी कासरा धरून माझ्याबरोबर चालला. मी चुकलो, तो पुन्हा चालला. मी पडलो बैल, म्हणून माझ्यासाठी एवढं केलं. तुझा दादा माणूस होता, त्याला नुसतं विचारलं."

धाकटा ताडकन उठला, गुळव्याकडे गेला. "दादा कधी ‘नाही कळलं’ म्हणालेला आठवतो?"

"एकदा," गुळव्याने मान खाली घातली. "तेव्हा आम्ही हसलो होतो."

तेव्हापासून त्या गुऱ्हाळात काही बदललं, की आधी रिकामी काहील उचलतात आणि प्रत्येकाला हाताला धरून त्याच्या जागी नेतात. कुणी "नाही कळलं" म्हणालं, तर हसत नाहीत. काहील पुन्हा उचलतात.

त्या भिंतीशी आता कुणी उभं राहत नाही. धाकटा तेवढा, जगला तोवर, काहील उठली की आधी तिकडे बघे. का, ते त्यालाही कळत नसे.

तात्पर्य: ज्याला समजायला वेळ लागतो, त्याचं ‘हो’ ऐकून थांबू नये, त्याच्याबरोबर चालावं.