सागझरीची काडीमाय

त्या ढिगावरून पाय खाली घ्या आधी! कसला कचरा? ही काडीमाय आहे. सांगतो त्यातला शब्दन् शब्द खरा. माझ्या आज्याने डोळ्यांनी पाहिलंय. आता तेव्हा आजा जन्मला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

फार मागे, असं सांगतात, या उतारावरचा साग तोडला. सरळ खोडं गाड्यांतून गेली. फांद्या, साली, वाकडे ओंडके इथेच रचले. जंगलाचा साहेब आला आणि म्हणाला, "हा कचरा जाळा." नेलं तो माल, आणि जंगलाच्या वाट्याला उरलं तो कचरा!

आदल्या साली पलीकडच्या उतारावर त्याने असाच ढीग पेटवला होता. माती भाजली, पावसात वाहून गेली, तिथला झरा आटला. इथला झरा या ढिगाच्या पायाशी. जैवंता मडावीची अख्खी वस्ती त्याचंच पाणी प्यायची. जैवंता सरळ ढिगावर चढून बसली.

"ऊठ!" साहेब ओरडला.

"ढीग कुजून भुईला बसल, तवा मी उठीन. मंग उतार तुमचा. जाळा, नाई तं नांगरा."

साहेब हसला. दोन पावसाळ्यांत कुजेल, असा त्याचा हिशेब. त्याने शब्द दिला.

पानं गेली, काटक्या मोडल्या, साली सुटल्या. अळंबी आली, वाळवी शिरली. सागाचा गाभा मात्र हटेना. साहेबाचे केस पिकले, म्हणे, आणि जैवंताच्या केसांत अळंबी उगवली. पण बाई खाली उतरली नाही.

शेवटी गाभ्याचाही बोटांत चुरा होऊ लागला, ढीग जमिनीला टेकला. साहेब आगपेटी घेऊन हजर! तेवढ्यात मोळी घेऊन चाललेल्या एका बाईने ढिगावर एक काडी ठेवली.

"बसला कुठं, साहेब? अजून हाये की."

मागचीनेही ठेवली. मग साऱ्या वस्तीने.

"ही लबाडी आहे!"

जैवंता कडाडली, "तुमी गाड्या भरभरून नेलं, ते काम. आमी एक काडी ठेवली, तं लबाडी?"

स्वतः दिलेला शब्द साहेबाला गिळता येईना.

आजही इथून जाणारा काडी ठेवतो आणि म्हणतो, "बस माय, पण सावकाश बस." खालची कुजते, वर नवी पडते, ढीग गुडघ्याच्या वर जात नाही, जमिनीलाही टेकत नाही. खाली झरा ऐकू येतोय ना?

केसांतली अळंबी मी घातली, कबूल. बाई रोज संध्याकाळी घरी जाऊन भात शिजवायची. पण 'कचरा' हा शब्द माझा नाही. तो साहेबाचा; आणि मघाशी पाय ठेवता ठेवता तुमचाही.

शोधा, काडी शोधा.