आडव्या झाडांचं रान

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाच्या कानात एक जुना आवाज होता. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तो शिकारीच्या रानातून जात होता. तेव्हा झाडीत कुठंतरी लांब करकर ऐकू आली. कर्रर्र करत एखादं झाड वाकावं तशी. पोरानं वडिलांची पगडी घट्ट धरली आणि आता झाड धप्पकन पडेल म्हणून वाट पाहिली. पण धप्प काही झालं नाही. करकर सरली, रान गप्प झालं. मग पोर मोठं झालं, राजा झालं, पण तो आवाज कानात तसाच अर्धा राहिला.

राजाचं नाव तेजभान. त्याला आपल्या रानाचा फार अभिमान. गादीवर बसताच त्यानं दवंडी पिटवली, की रानातल्या झाडाला कुऱ्हाड लागता कामा नये आणि झाडाखाली झुडूप राहता कामा नये. झाडं उंच झाली, वरती फांदीला फांदी भिडली. खाली जमीन देवळाच्या सभामंडपासारखी स्वच्छ. या टोकाला उभं राहावं आणि त्या टोकाचा ससा पाहावा.

शिकारखान्याचा दरोगा रायाजी म्हणायचा, "महाराज, असं रान साऱ्या मुलखात नाही. इथून बाण सोडला, तर थेट शेजारच्या राज्यात!"

राणी कमळजा म्हणायची, "मग हरणंही तिकडेच गेली असतील."

आणि खरोखरच हरणं कमी होत चालली होती.

एके दिवशी राजाला एक हरणी दिसली. त्यानं बाण मारला. बाण पुठ्ठ्यात शिरला आणि हरणी पळत सुटली. या झाडामागून त्या झाडामागे पळाली, पण अंग झाकेल एवढं झुडूप तिला सगळ्या रानात मिळालं नाही. शेवटी रानाच्या कडेला एका झोपडीच्या दारात ती पडली. ती झोपडी एका जोगिणीची होती आणि हरणी तिनं लेकरासारखी वाढवलेली होती.

राजा मागोमाग आला. जोगिणीनं बाण उपसला आणि उभी राहिली.

"राजा, शिकार राजानं करावी. तिचं मला काही नाही. पण जिला लपायला जागा नाही, तिला मारणं ही शिकार नव्हे. हिची भीती आता तुझ्या घरी राहायला येईल. तुझी लेक हरणी होईल. तुझ्या रानात ज्या दिवशी ती डोळे मिटून निजेल, त्या दिवशी माणूस होऊन उठेल. आता पानं गळतायत. पुढच्या पानगळीपर्यंत निजली नाही, तर ती जगणार नाही."

राजा घरी आला, तर राजकन्या बकुळेच्या खोलीत एक ठिपक्यांची हरणी थरथरत उभी होती. राजानं हात पुढे केला. बापाच्या हाताला बाणाचा वास येत होता. ती खिडकीतून उडी मारून रानात पळून गेली.

राजानं रानाभोवती पहारे बसवले. हरणी पहारेकऱ्यांना पाहून उभीच राहिली. मखमलीच्या गाद्या अंथरल्या, तर ती त्यांच्याकडे फिरकली नाही. हरीण उभ्या उभ्या किती डुलक्या घेणार? तिच्या बरगड्या दिसू लागल्या.

एका सकाळी राजा रानात डोकं धरून बसला होता. समोरच्या फांदीवर एक काळा, दुभंगल्या शेपटीचा कोतवाल पक्षी येऊन बसला आणि बोलला, "राजा, या रानाची फिर्याद माझ्याकडे आली आहे."

"काय फिर्याद आहे?"

"इथल्या जमिनीनं फार दिवसांत ऊन पाहिलेलं नाही. तिला ऊन दाखव. पण हात तुझेच हवेत."

राजानं कुऱ्हाड मागवली. एक मोठा धावडा बुंध्यातून तोडला. धावडा धाडकन कोसळला, जमीन हादरली, आभाळाचा एक तुकडा खाली आला. आणि त्या आवाजानं बकुळा रानाच्या पार दुसऱ्या टोकाला पळाली.

कोतवाल म्हणाला, "ऊन आलं, लेक गेली. आता या धावड्याची पानंही वाळतील. वाळल्या पानाआड कोण निजतं? झाड आडवं कर राजा, पण मारू नकोस."

झाड न मारता आडवं कसं करावं, असं राजानं दरबारात विचारलं. 

रायाजी म्हणाला, "महाराज, उभं ते जितं, आडवं ते मेलं. दुसरं कसं असेल? मी दुपारी आडवा झालो, तर शेजारीपाजारी मी गेलोच असं समजतात."

"पण तुम्ही उठता ना, दरोगासाहेब?" राणी म्हणाली.

"उठतो की. एका कानानं मी जागाच असतो."

दरबार हसला. राजा हसला नाही. त्याच्या कानात तो जुना, अर्धा आवाज उठला होता. वाकलेलं, पण न पडलेलं झाड.

तो तसाच रानात गेला. मोठं झाड सोडून त्यानं मांडीएवढ्या जाडीचं एक झाड निवडलं. कमरेच्या उंचीवर एकाच बाजूनं तिरपी कुऱ्हाड घातली आणि झाड ढकललं. घाव उथळ झाला, खोड उभं चिरलं. दुसऱ्या झाडाला घाव खोल गेला, ते तुटून पडलं. तिसऱ्याला त्यानं हळूहळू घाव घातले, मध्ये मध्ये खोडाला हात लावून पाहिलं, मग खांदा दिला.

कर्रर्र...

झाड वाकलं, वाकत वाकत शेंडा जमिनीला टेकला. एका बाजूची साल आणि चार बोटं रुंदीचं लाकूड बुंध्याला धरून राहिलं. धप्प झालं नाही. राजा तिथंच खाली बसला. वडिलांच्या काळी या रानात काय चाललं होतं ते आता त्याला कळलं, आणि आपण दवंडी पिटवून काय बंद केलं तेही.

मग राजा रोज रानात येऊ लागला. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. एकदा तो बेहड्याला कुऱ्हाड लावणार तोच कोतवाल ओरडला, "बेहडा, मोह, आवळा यांना हात लावू नकोस. पाहुण्याला बिछाना घालतोस आणि ताट काढून घेतोस होय?"

आडव्या झाडांची डोकी एकमेकांवर टेकली. पावसानंतर त्या आडव्या खोडांतून सरळ फुटवे उठले, मधल्या उन्हात करवंदीच्या जाळ्या माजल्या, गवत आलं. राजाच्या रानात आता चार पावलांपलीकडचं दिसेना. हरणं एकेक करून परत आली. बकुळाही आली. पण ती जाळीच्या तोंडाशी यायची आणि उभीच राहायची.

पानं पिवळी पडू लागली.

"आता काय राहिलं?" राजानं विचारलं.

"एक झाड हलवायचं राहिलं," कोतवाल म्हणाला.

"कोणतं?"

"तू. रोज तिला पाहायला येऊन उभा राहतोस. आता रानाकडे पाठ कर आणि बाहेर जा."

"शेवटचं एकदा पाहतो. डोळे मिटतच नाहीत रे मला, तिला पाहिल्याशिवाय."

"तू तिला पाहिलंस, तर तीही तुला पाहील. मग तिचे तरी कसे मिटतील?"

राजा काही वेळ तिथंच घुटमळला. मग त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो निघाला. जाताना मान वळेल या भीतीनं त्यानं उपरणं डोळ्यांवर ओढून घेतलं. रानाबाहेर राणी बसली होती. तिनं हात धरून त्याला शेजारी बसवलं.

ऊन डोक्यावर आलं. मागं जाळीत काहीतरी मोडलं, मग पावलं वाजली. चार नव्हे, दोन.

"आबासाहेब, मला फार झोप लागली होती का?"

राजा वळला नाही. "वळू का गं?" त्यानं विचारलं.

"वळा ना."

राजा उपरणं सारून वळला. बकुळेच्या केसांत गवत अडकलं होतं आणि गालावर पानाची नक्षी उमटली होती. राणीनं तिला कुशीत घेतलं. राजानं तिच्या केसांतलं गवत हळूच काढलं.

पुढं राजानं दुसरी दवंडी पिटवली. शिकार रानाच्या कडेला, जाळीतून आपल्या पायानं बाहेर आलेल्या हरणाची. जाळीत कुणी शिरायचं नाही. दर हिवाळ्यात रानाचा एक तुकडा आडवा करायचा, आणि पहिलं झाड राजानं स्वतः वाकवायचं.

पहिलं झाड वाकवायचा दिवस आला. सारं गाव जमलं होतं. गर्दीतून जोगीण पुढं आली. राजानं कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि हात जोडले. ती काय बोलते याची सारे वाट पाहू लागले.

जोगीण जाळीसमोर उभी राहिली. डावीकडून वाकून आत पाहिलं, उजवीकडून पाहिलं. आत काही दिसलं नाही. खोल आत कुणीतरी कूस बदलल्यासारखी पानं सळसळली, एवढंच. तिनं पदराखालून तो जुना बाण काढला, राजाच्या पायाशी ठेवला, आणि ती आपल्या वाटेनं चालू लागली.