वाघाच्या कातड्याचा घागरा

एकदा एक व्यापारी एक गोधडी शिवून घ्यायला रानातल्या वाडीवर गेला. वाडी सिद्दींची होती. कित्येक शतकांपूर्वी त्यांचे पूर्वज समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आले. आता ते कर्नाटकातल्या हल्याळच्या रानात मराठी-कोंकणी बोलतात, भाकरी-आमटी खातात आणि बांधावरून भांडतात, अगदी तुमच्या-माझ्यासारखे. तरी शहरात पाऊल ठेवलं की लोक विचारतात, "कुठल्या देशाचे?" आता काय बोलायचं!

त्या वाडीत एक वृद्धा होती. तिला सगळे माय म्हणत. घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ती गोधड्या शिवी. तिकडे त्यांना कवंदी म्हणतात. तिच्या हाताखाली एक तरुण मुलगी शिकत होती. तिचा हात सुरेख होता, पण तिच्या एकटीची म्हणावी अशी एकही कवंदी अजून वाडीबाहेर गेली नव्हती. तेवढं एकदा घडावं, हा तिला ध्यास होता.

व्यापाऱ्याने शहरात कलादालन बांधलं होतं आणि दर्शनी भिंतीवर त्याला 'सिद्दी स्त्री' हवी होती. नमुन्याचं चित्रही त्याने आणलं होतं. कोळशासारखी काळी बाई, कमरेला वाघाच्या कातड्याचा घागरा, डोक्यात पिसं, हातात ढोल आणि तोंडभर दात. "ए सिद्दीण," तो मुलीला म्हणाला, "हुबेहूब असं कर. जमलं तर भिंत तुझी."

चित्र पाहून मुलीला कसंसंच झालं. पण भिंत! तिने मनाची समजूत घातली, की एकदा नाव होऊ दे, मग पुढे आपल्या मनासारखं करू. ही समजूत मोठी फसवी असते, आणि आपण सगळेच ती कधी ना कधी घालून घेतो.

"माय, बाजारातून वाघाच्या पट्ट्यांचं कापड आणू?" तिने विचारलं.

"बाजारचं?" मायने कपाळाला हात लावला. "अंगाला न लागलेलं कापड कवंदीत कधी घातलंय का आपण? वाडीत माग. घरोघर जा, चित्र दाखव आणि म्हणावं, असा जुना घागरा पडला असेल तर द्या."

"थट्टा करतेस काय गं माय?"

"जा म्हटलं की जायचं."

मुलगी निघाली. लाजेने तिचा जीव अर्धा झाला होता. पहिल्याच घरी आत्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अगं बाई! हे नेसून भात लावायला उतरू? खरा वाघ असला तर तोच पळेल!" डोळे पुसत तिने आपलं शेतातलं हिरवं लुगडं काढून दिलं. दवाखान्यात नर्स असलेली वहिनी म्हणाली, "हे घालून सुई टोचायला गेले, तर पेशंट खाटेखाली शिरेल." तिने पांढरा विरलेला गणवेश दिला. जिच्या तोंडाला सारी वाडी भिई, त्या म्हातारीने गुपचूप पेटी उघडली आणि गुलाबी रेशमी पोलकं बाहेर काढलं. "हे घातलं ना, की मी आरशासमोरून हलत नसे," ती म्हणाली आणि चक्क लाजली.

मग काय, बायकांच्या उत्साहाला ऊतच आला. चेहऱ्यासाठी कापड हवं म्हणून त्या मुलीच्या गालाला एकेक तुकडा लावून पाहू लागल्या. नुसता काळा जुळेना. "अगं, उन्हात ही जांभळासारखी दिसते!" "आणि इकडून बघ, कॉफीसारखी!" गडद निळा, तपकिरी, जांभळा असे तुकडे जमत गेले. कुणीतरी आरसा पुढे धरला. आपल्या चेहऱ्यात एवढे रंग आहेत, हे मुलीला आजवर ठाऊकच नव्हतं. तिला फार फार आनंद झाला.

परतली तेव्हा गाठोडं तिच्या कवेत मावत नव्हतं. "वाघ मिळाला?" मायने विचारलं.

"एकाही घरात नाही."

"नव्हताच मिळणार. पण मी नुसतं नको म्हटलं असतं, तर तू माझ्या भीतीने थांबली असतीस आणि ती भिंत मनात सलत राहिली असती. हे चित्र ज्याने काढलं, तो कुणाच्या दारात कधी उभा राहिला नाही. आज तू राहिलीस. दुसऱ्याने मनात रचलेला घागरा कुणाच्या अंगाला लागलेला नसतो, पोरी. त्याची ऊब कुणाला येणार? आता काय शिवायचं ते तुझं तू ठरव."

मुलीने शिवायला घेतलं. कवंदीतल्या बाईचा चेहरा त्या साऱ्या रंगांचा, अंगात गुलाबी पोलकं, हिरवं लुगडं, त्यावर पांढरी किनार. एरवी ती आपले कुरळे केस ओढून-ताणून बांधून टाकी. इथे मात्र उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीच्या गाठी मारून तिने ते खुशाल मोकळे सोडले.

व्यापारी आला. कवंदी पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? घागरा कुठाय? ढोल?"

 मुलीने मायकडे पाहिलं, पण माय सुईत दोरा ओवण्यात गुंतली होती.

"साहेब, सगळ्या वाडीत मागितला. कुणाकडे नव्हता."

"अगं, पण लोक हिला सिद्दी म्हणून ओळखणार कसे?"

"ओळखत नाहीत, म्हणून तर ओळख करून द्यायची."

 व्यापाऱ्याने चष्मा पुसला आणि कवंदी पाहिली. मग मुलीकडे पाहिलं, आणि या वेळी नीट पाहिलं. "अरे, ही तर तूच की!"

"मग दुसरी कोण?"

तो हसला. थोडा ओशाळलाही. कवंदीची घडी त्याने स्वतःच्या हाताने घातली. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "खाली 'सिद्दी स्त्री' असं लिहिणार होतो," तो म्हणाला. "तुमचं नाव काय?"

"आनमारी," ती म्हणाली. आणि त्याला नीट ऐकू यावं म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणाली.