न दिसलेलं सैन्य

वेल्मिया हा युरोपातला एक चिमुकला देश. एकदा शेजारच्या बलाढ्य देशाचे जनरल ड्रागोव्ह तिथल्या संरक्षणमंत्री आइनाबाईंकडे आले.

"सरहद्दीपासून इथवर मला एकही सैनिक दिसला नाही," ते गुरकावले. "आमची पलटण इथे ठेवून घ्या, नाहीतर तुमचं काही खरं नाही."

आइनाबाईंनी विचारलं, "वाटेतल्या आजीबाईंची कॉफी कडू होती का? अर्धीच प्यालात."

जनरल चपापले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आजीबाईंनीच. त्या टेहळणीवर असतात. आमच्याकडे गणवेश घरच्या कपाटात असतो आणि माणूस आपापल्या कामावर. तुमच्या गाडीचं पंक्चर काढणारा तोफखान्यातला आहे. तुम्हाला एकही ओळखू आला नाही ना? मग आमची तयारी ठीक चाललीय."

परतताना जनरलसाहेब वाटेतल्या दूधवाल्यालाही सलाम ठोकत गेले.