तुळसाची गाडी आणि सरकारांची अट

तुळसा ढेबेची गाडी पुन्हा घाटात अडली! इंजिन जीव खाऊन ओरडत होतं, पण चाकं काही केल्या चढ घ्यायला तयार नव्हती. वर करपलेल्या भाकरीसारखा जळका वास! आणि क्लच तर नुकताच नवा बसवलेला. तोही कुणा ऐऱ्यागैऱ्याकडे नाही, तालुक्याच्या हमरस्त्यावरच्या, काचेच्या भिंतींच्या भल्याथोरल्या शोरूममध्ये.

एरवी तुळसानं कपाळाला हात लावला असता आणि हसून सोडून दिलं असतं. पण घरी वहिनीला नववा महिना लागलेला. भाऊ फौजेत, लांब सरहद्दीवर. वाडी खोऱ्याच्या तळाशी, दवाखाना घाटमाथ्यापलीकडे आणि अख्ख्या वाडीत चारचाकी म्हणावी तर ही एकच. ऐन वेळी गाडी अशीच रुसली, तर वहिनीला न्यायचं कशातून? तिनं एका ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी कशीबशी घाटावर चढवली आणि थेट शोरूमच्या दारात उभी केली.

शोरूमचे मालक दौलतराव. सारा तालुका त्यांना 'सरकार' म्हणायचा आणि त्यांनाही ते मनापासून पटलेलं होतं. मिशीला पीळ, बोटांत अंगठ्या, आणि 'आमचं चुकलं' हे दोन शब्द जन्मात तोंडातून न निघालेले! तुळसानं वहिनीच्या भरल्या दिवसांसकट सारं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांच्या माणसांनी गाडी सपाट अंगणात फिरवली आणि माना डोलावल्या. "क्लच एकदम झकास, सरकार!"

"ऐकलंस ना पोरी?" सरकार म्हणाले. "क्लचला काही झालेलं नाही. तूच त्याच्यावर पाय ठेवून गाडी चालवतेस!"

"मग जुना क्लच माझ्याच पायाखाली इतकी वर्सं कसा टिकला, सरकार? त्याला काय माझ्या पायाचा लळा लागला व्हता?"

नोकरमंडळी तोंडाला रुमाल लावून खोकू लागली. सरकारांची मिशी थरथरली.

"जीभ फार चालते तुझी! मग ऐक. क्लच खराब आहे असं माझ्याच माणसाच्या तोंडून, माझ्यादेखत वदवून दाखव. पण तू क्लचचं नावसुद्धा काढायचं नाहीस! जमलं, तर आजच्या आज नवा बसवून देतो, फुकट. नाही जमलं, तर पुन्हा तक्रार घेऊन या दाराची पायरी चढायची नाही!"

झालं! सरकारांचं मीठ खाणारा कोण सरकारांच्या तोंडावर असं बोलणार? डोंगराला हलवणं परवडलं! तुळसानं खिडकीबाहेर पाहिलं. त्याच आवारात, पलीकडच्या कोपऱ्यात एक पाटी होती : 'जुनी गाडी द्या, नवी न्या.' पाटीखाली जुन्या गाड्यांचा भाव ठरवणारा सरकारांचा माणूस, सपकाळ, एका चकचकीत गाडीभोवती घिरट्या घालत च्च् च्च् करत होता आणि त्या गाडीचा धनी बिचारा ओशाळून उभा होता. तुळसा बापाचं बोट धरून बैलबाजार हिंडलेली पोर. तिला हसूच फुटलं.

"कबूल, सरकार! माझी बी एक अट हाय. तुम्ही माझ्यासंगं यायचं आन् निस्तं बघायचं. तोंडातनं अवाक्षर काढायचं न्हाई!"

"नाही काढत!" सरकार तोऱ्यात उठले.

तुळसानं गाडी सपकाळपुढे नेली. "दादा, ही गाडी देऊन नवी घ्यावी म्हंते. बघा की, कशी राणीवानी हाय! खोड म्हणून न्हाई!"

सपकाळनं आधी गाडीकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या सरकारांकडे. मालक जातीनं काम बघायला आलेत! त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. तो चाकामागे बसला, आवारामागचा चढ चढायला निघाला आणि अर्ध्यावरून नाक दाबत परत आला.

"राणी? अहो बाई, ही राणी चार पावलंसुद्धा चढत नाही! क्लच पार गेलाय!"

तुळसानं डोळे विस्फारले. "काय सांगता! मला तर चांगली वाटती. आत्ताच तर नवं सामान घातलंय तिच्यात!"

"तुम्हाला काय कळतंय!" सपकाळला आणखी चेव आला. सरकार मागून डोळे वटारत होते, मिशी उडवत होते. सपकाळला वाटलं, मालक म्हणतायत, अजून हाण! "नवा घातलाय हो, पण वाकडा! कुणा आंधळ्यानं बसवलाय देव जाणे! असल्या मिस्त्र्याला मी दारात उभा करणार नाही. भंगाराचा भाव मिळेल, बघा, द्यायची तर!"

सरकारांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. वचनानं तोंड बांधलेलं! तुळसानं पदर सावरला आणि हात जोडले.

"आता बोला, सरकार. गाडी तीच, आवार तेच, मानूस बी तुमचाच. दुरुस्तीच्या दारात झकास आन् खरेदीच्या दारात भंगार? का मधल्या चार पावलांत माझ्या पायानं क्लच खाल्ला?"

सपकाळला आत्ता कुठे उमजलं आणि तो भिंतीला चिकटला. आणि मग सरकारांच्या पोटातून असं हसू उसळलं, की अंगठ्यांचे हात पोटावर दाबून ते तिथल्याच टायरांच्या ढिगावर बसले. "वदवलंस गं, वदवलंस! वर माझ्याच मिस्त्र्यांना आंधळंही म्हणवून घेतलंस! अरे, नवा क्लच काढा! आणि बसवताना हा सपकाळ उशाशी उभा करा!"

मग डोळे पुसत त्यांनी खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "तुझी आज तयार होईल, तरी सध्या माझीच गाडी ने. वहिनीला दवाखान्यात पोचव आणि बाळाला घेऊन घरी आलात, की मगच परत दे."

तुळसानं किल्ली घेतली, पण पाय काही हलेना.

"आता काय राहिलं?" सरकारांनी विचारलं.

"एकच इचारते, सरकार. तुमच्या या गाडीचा क्लच कुनी बसवलाय?"

सरकारांनी डावीउजवीकडे पाहिलं, तिच्या कानाशी वाकले आणि हसू दाबत म्हणाले, "जा बिनघोर! बाहेरच्या मिस्त्र्यानं!"