प्लॉट एकवीसमधला खळगा

कार्तिकातली सकाळ, सहा वाजून दहा मिनिटं. मोरमळा कॉलनी, प्लॉट नंबर एकवीस, बंगल्यामागची हिरवळ. गवतावर दहिवर होतं आणि धुकं कुंपणापर्यंत आलेलं होतं.

“पण बाबा, चुकतंय कुठं?” श्रीनिवास आठल्ये यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

हिरवळीच्या कडेला कासमबाबा उकिडवे बसले होते आणि गवताकडे असे बघत होते, जसं कुणी झोपलेल्या माणसाकडे बघतं.

“अहो, त्यांना चहा तरी घेऊ द्या,” व्हरांड्यातून कुमुदताई म्हणाल्या. “आल्यापासून तपासणी चाललीय त्यांची.”

आठल्ये गप्प झाले. गप्प बसण्याची त्यांना सवय नव्हती. उभी नोकरी त्यांनी नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर करण्यात घालवली होती. चाळीस कॉलन्या कागदावर मांडल्या, एक रस्ता वाकडा नाही, असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे दुसऱ्यांदा आले, तर दुसऱ्यांदाही सांगत.

आणि घरामागचा हा एवढासा हिरवा तुकडा त्यांना जुमानत नव्हता.

कुठं टक्कल पडलेलं, कुठं गवत पिवळं, कुठं उंचवटे. मधोमध एक खळगा, आणि त्या खळग्यात लव्हाळा असा माजलेला, जणू नर्सरीतून विकत आणलेलं गवत पाहुणं आणि घरमालक तोच.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदात याच खळग्यात कुमुदताईंचा पाय गेला. मांडीचं हाड मोडलं. आता वर्ष उलटून गेलं. डॉक्टर म्हणत होते, चाला, रोज चाला, गवतावर अनवाणी चाला. त्या वॉकर धरून व्हरांड्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत यायच्या, हिरवळीकडे बघायच्या आणि परत फिरायच्या. ती पायरी त्या वर्षभरात एकदाही उतरल्या नव्हत्या.

म्हणून आठल्ये पीराच्या टेकडीवर गेले होते. तिथल्या मुरमाड माथ्यावर या फकिरानं थडग्याभोवती अशी हरळी राखली होती, की माणसं आपसूक चपला काढून हातात घेत. आठल्ये तीन आठवडे रोज तिथं गेले, वही घेऊन. बाबांनी त्यांना एक अक्षर लिहून दिलं नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाले, “चला, तुमचंच गवत बघू.”

चहा आला. बाबांनी बशीत ओतला, फुंकर घातली.

“लव्हाळा उपटला?”

“उपटला. औषध मारलं. माती चाळणीनं चाळली. एक गाठ काढली की खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी.”

“आणि खळग्याचं काय करता?”

“भरतो. लाल माती टाकतो, रोलर फिरवतो, वर नवं गवत अंथरतो. पावसाळा सरला की पुन्हा हातभर खाली.”

“किती वर्षं?”

“पाच.”

बाबांनी बशी खाली ठेवली. “जमिनीनं पाच वेळा एकच उत्तर दिलं, साहेब. तुम्ही पाचही वेळा तिचे मार्क कापले.”

कुमुदताई हसल्या. आठल्ये हसले नाहीत.

“मला बोधवचनं नकोत, बाबा. सात वाजता मातीची ट्रॉली येतेय. ती कुठं आणि किती टाकायची, तेवढं सांगा. मला ही जमीन सपाट हवी. हिला चालायचंय.”

“चप्पल काढा.”

“काय?”

“चप्पल काढा आणि डोळे मिटा. चालायला लागा. पायाला चढ लागला की वळा. उतार लागला की वळा. जिकडं सपाट लागेल तिकडंच जायचं.”

“याला काय अर्थ...”

“सपाट हवं म्हणालात ना? मग पायांना शोधू द्या.”

आठल्ये यांनी व्हरांड्याकडे पाहिलं. बायको बघत होती. त्यांनी चप्पल काढली.

दहिवराचा गारवा घोट्यापर्यंत चढला. डोळे मिटल्यावर पहिल्यांदा नुसतं अवघडल्यासारखं झालं. मग कॉलनी हळूहळू दूर गेली. दुधाच्या मोटारसायकलचा आवाज गेला, शेजारच्या पंपाची घरघर गेली. राहिलं ते फक्त पावलांखालचं.

उजवीकडे उतार. ते डावीकडे वळले. डावीकडे चढ. ते किंचित उजवीकडे आले. मधे एक वाट होती, हातभर रुंद, ना वर ना खाली. पाय तिच्यावर आपोआप पडू लागले. कितीतरी पायांनी ती आधीच तुडवून ठेवली असावी, असं त्यांना वाटलं. आपण चालत नाही आहोत, कुणाच्या तरी मागं रांगेतून सरकतो आहोत. पुढं कुणीतरी आहे. मागंही आहे. ओल्या दोराचा वास आला... की तो गवताचाच होता?

किती वेळ गेला, कळलं नाही.

“उघडा,” बाबा म्हणाले.

आठल्ये निघाले होते तिथंच उभे होते.

पांढऱ्या दहिवरावर त्यांच्या पावलांनी एक हिरवं वर्तुळ काढलं होतं. नेटकं, बंद झालेलं. आत लव्हाळ्याचा खळगा.

ते बघत राहिले. समपातळीची रेषा, सगळीकडे एकाच उंचीवरून फिरणारी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकलेली. अशा हजारो रेषांवर त्यांनी सह्या केल्या होत्या, पण एकीवरूनही ते चालले नव्हते.

आणि तेव्हा त्यांना तो कागद आठवला.

तीस वर्षांपूर्वीचा. मोरमळ्याचा मूळ नकाशा. त्यावर एक छोटं निळं वर्तुळ होतं. निळं वर्तुळ म्हणजे विहीर. शेजारी त्यांनीच लाल पेन्सिलनं लिहिलं होतं: कोरडी, वापरात नाही, बुजवावी.

ती विहीर त्यांनी पाहिली नव्हती. वैशाखातली दुपार होती, मळा गावाबाहेर आठ किलोमीटर होता, आणि टेबलावर अजून अकरा नकाशे पडले होते. कुणी विचारलं असतं तर, जीप मिळाली नाही, असं त्यांनी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर याच कॉलनीत त्यांनी कोपऱ्यावरचा प्लॉट घेतला. तेव्हाच्या नकाशावर निळं काही नव्हतं.

“विहीर आहे इथं,” ते म्हणाले. आवाज आपला नसल्यासारखा वाटला.

“हां.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“आमचं घर तिकडं,” बाबांनी मोटार ठेवायच्या शेडकडे बोट केलं. “तुमच्या गाडीच्या जागी चूल होती.”

“मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीत? तीन आठवडे मी टेकडी चढतोय.”

“तीन आठवडे तुम्ही गवताबद्दल विचारत होतात.”

आठल्ये यांचा चेहरा लाल झाला. “माझ्याकडे कोरडी म्हणून अहवाल आला होता. मी मनानं नाही लिहिलं. खालच्या माणसानं...”

बाबा लव्हाळ्याकडे बघत राहिले.

मागं काहीतरी वाजलं. लोखंड फरशीवर टेकल्यासारखं. कुमुदताई शेवटची पायरी उतरल्या होत्या. वॉकर गवतात रोवून उभ्या होत्या.

“कुमुद, थांब. अजून सपाट केलेलं नाही.”

“मला सपाट नको होतं हो,” त्या म्हणाल्या. “खोल कुठं आहे, ते कुणीतरी सांगायला हवं होतं.”

त्यांनी पावलांच्या वर्तुळावर पाय ठेवला. एक पाऊल. मग वॉकर. मग दुसरं पाऊल. धुक्यातून त्या हळूहळू पलीकडे गेल्या, पुसट झाल्या, आणि वळून पुन्हा दिसू लागल्या. वाट कुठंच सुटली नाही.

फाटकाशी ट्रॉली येऊन थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

“साहेब, माती कुठं ओतू?”

कुमुदताई थांबल्या. आठल्ये यांनी वर्तुळाकडे पाहिलं, मग ट्रॉलीकडे.

“परत न्या.”

“अख्खी?”

“अख्खी.”

ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. ट्रॉली वळली, आवाज धुक्यात विरत गेला.

आठल्ये ओल्या गवतावर बाबांसमोर बसले. पहिल्यांदाच खाली बसले.

“खरंच कोरडी होती का ती, बाबा?”

कासमबाबा उठले. गुडघ्यावरचं गवत झटकलं.

“अठ्ठावीस घरांच्या घागरी लागायच्या हिच्यावर, साहेब. बुजवली त्या दिवशीही सकाळी लागल्या होत्या. संध्याकाळी त्या घरांनी पाणी कुठलं प्यायलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.”