पडद्यावरचं ठिगळ

"म्हणजे आता भुताला बक्षीस द्यायचं, बाबा?"

दस्तगीरबाबा पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा कात्रीने कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"द्या, न्हाईतर नका देऊ. मला कशापायी इचारताय? कमिटीत तुमी हाय."

बेलउंबऱ्याच्या पिराचा उरूस होता. दर्ग्यामागच्या माळावर सिनेमाचा तंबू लागला होता. या तंबूत बाबांनी पन्नास वर्षं मशीन चालवलं. आता मशीन पुतण्या बघतो आणि बाबा पडदा बघतात.

बेचाळीस वर्षांपूर्वी प्रबंधासाठी मी एक हंगाम त्यांच्यापाशी काढला होता. तुटलेली फिल्म जोडायला त्यांनीच मला शिकवलं. पुढे प्रबंधाचं पुस्तक झालं. त्यात मी बाबांचे आभार मानले, आणि त्यांच्या तंबूत चालणाऱ्या चित्रपटांना 'बाजारी करमणूक' म्हटलं. आपलं नाव छापून आलं म्हणून बाबांनी तंबूभर पेढे वाटले होते.

त्या पुस्तकावर मला नोकरी मिळाली, मान मिळाला. चाळीस वर्षं मी तेच शिकवलं.

आता मी पुरस्कार समितीचा अध्यक्ष होतो. सहा जणांची मतं तीन-तीन अशी पडली होती. सातवं माझं. रात्री नऊच्या आत ते फोनवर कळवायचं होतं.

मी बाबांना दोन्ही चित्रपट सांगितले. एक मिठागरातल्या म्हाताऱ्याचा. शांत, सच्चा. फार थोड्या लोकांनी पाहिलेला. दुसरा विहिरीतल्या हडळीचा. त्याला गावोगाव गर्दी लोटली होती. आज याच तंबूत तो लागणार होता.

"मिठाचं चांगलं हाय?" बाबांनी विचारलं.

"फार चांगलं आहे."

"मग त्याला देऊन टाका."

मी चहाचा कप पुढे ओढला.

"का वं? झोप येत न्हाई?"

येत नव्हती. समितीच्या खोलीत आम्ही सात जण मांडीवर वह्या घेऊन हडळीचा चित्रपट बघत होतो. एका जागी मी दचकलो. कोणाला कळू नये म्हणून खोकल्याचं नाटक केलं. घरी येऊन वहीत लिहिलं, 'क्लृप्त्या परिणामकारक, पण उथळ.' लिहिल्यापासून ती ओळ मला खोटी वाटत होती. आणि ती खोटी असेल तर पुस्तकातल्या किती ओळी खोट्या, हे मोजायची माझी छाती होत नव्हती.

एवढं सांगायला मला दोन कप चहा लागला.

बाबांनी कात्री थांबवली.

"खोकला बरा हाय का आता?"

मला राग आला. मी वर्गात मांडायचो तसा मुद्दा मांडला. ज्याला लोकांनी डोक्यावर घेतलं, त्याला आणखी पुरस्कार कशाला? पुरस्कार असतो तो ज्याच्याकडे कोणी पाहिलं नाही त्याच्यासाठी.

"उरसात कुस्ती मारलेल्या गड्याला लोक खांद्यावर घेत्यात," बाबा म्हणाले. "त्याला काय सांगायचं? खांद्यावर बसलास बाबा, आता फेटा मिळायचा न्हाई?"

"गर्दी माकडवाल्याभोवतीही जमते."

"जमती की. म्हून तर गर्दीला इचारू नगा."

"मग कोणाला विचारू?"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. मला पडद्यापाशी घेऊन गेले. पडद्याच्या जवळजवळ मध्यावर उंदरांनी कुरतडलेलं एक भोक होतं. चांगलं तळहाताएवढं.

"हितं ठिगळ लावायचंय. खेळाला तुमी म्होरं बसा. ठिगळ दिसतंय का, टाके दिसत्यात का, तेवढंच बघा. पिक्चर तुमी बघितलंयच. मला लांबचं दिसत न्हाई, आन् खोट काढायला तुमच्यासारखा माणूस मला कुठं मिळणार?"

तो टोमणा होता की विश्वास, हे मला ठरवता आलं नाही. पण काम माझ्या आवाक्यातलं होतं. मी होकार दिला आणि जरा सैल झालो.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला.

या तंबूत अजून जुनी रीत आहे. पडदा मधोमध टांगतात. पुढे पुरुष बसतात, पडद्याच्या मागे बायका. त्यांना सगळं चित्र उलटं दिसतं; उजवा हात डावा, डावा उजवा. आजवर त्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

मी तिसऱ्या रांगेत बसलो. शेजारी एक गवंडी होता. उरसात घेतलेलं नवं कोरं घमेलं त्याच्या मांडीवर होतं.

नावांच्या पाट्या चालू होत्या तोवर मी त्या जागेवर डोळे लावून होतो. पाट्यांच्या गर्दीत काही कळेना. मग रात्रीची दृश्यं आली. म्हटलं, उजेडाचं दृश्य येऊ दे, मग नीट बघू...

चित्रपटात एका घरातल्या थोरल्या सुनेला घरच्यांनीच विहिरीत ढकललेलं असतं. तिची हडळ होते. मांत्रिक येतात आणि हरून जातात. घरात नवी आलेली धाकटी सून एकटीच खरं काय झालं ते हुडकून काढते. शेवटी ती जेवणाचं ताट वाढते, कंदील घेते आणि विहिरीपाशी जाते. ताट काठावर ठेवून आत वाकते.

"जाऊबाई," ती म्हणते, "वर या. ताट वाढलंय."

हे सगळं मला ठाऊक होतं. पुढे काय होणार ते माझ्या वहीत वेळेसकट लिहिलेलं होतं.

पाणी हललं नाही. तंबूत कोणी हललं नाही.

आणि पडद्यामागून एका म्हातारीचा आवाज आला. "ये गं बाई. वर ये."

मग दुसरा आवाज. मग तिसरा. मग पडद्यामागच्या सगळ्या बायका बोलावू लागल्या. धाकट्या सुनेचा आवाज त्यांच्यात मिसळून गेला. पडदा त्या हाकांनी थरथरतो आहे असं मला वाटलं.

काठावर एक ओला हात आला.

मग दुसरा.

पुढचं मला सलग आठवत नाही. टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या, कोणीतरी गुलाल उधळला. थोरली सून विहिरीबाहेर आली, ताटापुढे बसली आणि पहिला घास तिने तोंडात घातला तेव्हा सगळा तंबू उभा होता.

मीही उभा होतो. गवंड्याचं घमेलं माझ्या हातात होतं, आणि मी ते वाजवत होतो.

दिवे लागले.

बाबा काठी टेकत माझ्यापाशी आले.

"दिसलं का वं ठिगळ?"

दिलेलं एकच काम मी विसरलो होतो. पण चाळीस वर्षांची सवय. विद्यार्थ्यासमोर किंवा गुरूसमोर, 'माहीत नाही' हे तोंडातून निघत नाही.

"अजिबात नाही," मी म्हणालो. "टाके फार सफाईचे आहेत."

बाबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. मांजरपाटाचा चौकोनी तुकडा बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला.

...

मी वळून पडद्याकडे पाहिलं. भोक जिथल्या तिथे होतं. त्यातून पलीकडचं दिसत होतं. एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती आणि शेजारणीला सांगत होती, "जेवली बाई एकदाची."

पावणेनऊ झाले होते. मी खिशातून फोन काढला. माझंच पुस्तक माझ्यापुढे धरणारे माझेच विद्यार्थी डोळ्यांसमोर आले. मिठागरातला म्हाताराही आला. तो काही बोलला नाही. तो चित्रपट संध्याकाळी होता तेवढाच चांगला अजूनही होता. तरी मी फोन लावला.

समितीच्या चिटणीसांना मी माझं मत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, विहिरीचाच ना? मी म्हटलं, विहिरीचाच. त्यांनी विचारलं, अध्यक्षांचं कारण नोंदवावं लागतं, काय लिहू?

मी एक मोठा परिच्छेद मनात जुळवला. मग तो सोडून दिला.

"लिहा, अध्यक्ष उभे राहिले."

माझा आवाज जरा चढला असावा. आसपासच्या लोकांनी वळून पाहिलं. हडळीला बक्षीस मिळालं, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने पडद्यापलीकडे ओरडून सांगितलं, आणि संपलेल्या खेळाच्या तंबूत पुन्हा एकदा शिट्ट्या झाल्या.

"साहेब," गवंडी म्हणाला, "आता माझं घमेलं द्या."

मी ते दिलं. मला हसू येत होतं, आणि चष्म्यातून नीट दिसत नव्हतं.

"बाबा, तो तुकडा द्या," मी म्हणालो. "भोक मी शिवतो. जोडायला तुम्हीच शिकवलंत मला."

बाबांनी माझा चष्मा काढून घेतला. मांजरपाटाच्या तुकड्याने सावकाश पुसला, परत माझ्या नाकावर ठेवला आणि तुकड्याची घडी करून खिशात टाकली.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. उद्या दुसरं पिक्चर लागायचंय, त्यातबी भोक दिसतंय का बघू."